वीस दात्यांचं फ्रीव्हील

रॉड ब्रेकच्या, म्हणजे केबलऐवजी सळईने ब्रेक लागणाऱ्या सायकलीला मोटार लावायची नाही, हे मी धंदा सुरू केला तेव्हाच ठरवलं होतं. बाजारात मिळणाऱ्या, चाकाच्या मध्यभागीच बसणाऱ्या हब मोटारीला चाकाच्या तारांसाठी 36 भोकं असतात. आपल्या जुन्या 28 इंची काळ्या सायकलीच्या पुढच्या रिमला असतात 32 आणि मागच्या रिमला 40. म्हणजे रीम बदला. 36 भोकांची 26 इंची रीम घातली तर ब्रेकचे गुटके तिच्यापर्यंत पोचतच नाहीत, कारण रॉड ब्रेक रिमला कडेने चिमटत नाही, आतून, हबच्या बाजूने तिच्यावर येऊन बसतो. मग ब्रेक बदला, त्यासाठी चिमट्याला, म्हणजे चाक धरणाऱ्या फोर्कला वेल्डिंग करा, नाहीतर चिमटाच बदला. शेवटी गिऱ्हाइकाने हौसेने आणलेल्या सायकलीतली घंटी आणि सीट तेवढी जुनी उरते.

मी साताऱ्यात घराच्या पार्किंगमध्ये साध्या सायकलींना बॅटरी-मोटार बसवून देते. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, मग काही वर्षं पुण्यात बॅटरी पॅक बांधायच्या लाइनवर काम, मग लग्न होऊन इकडे. आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती पळते?" दुसरा, "वेगाचं लॉक काढून देता का?" सायकल पंचवीसच्या पुढे पळाली की कायद्याने ती सायकल राहत नाही, असं सांगितलं की लगेच मोबाइलवर कुणीतरी पन्नासने सायकल पळवतानाचा व्हिडिओ दाखवतात. त्या व्हिडिओंत कुणी ब्रेक मारलेला मी अजून बघितलेला नाही.

अण्णा सायकल हाताने ढकलत आले. (हे त्यांचं नाव नाही, पण आमच्याकडे त्या वयाच्या निम्म्या माणसांना अण्णाच म्हणतात.) आधी विचारलं, "मिस्त्री कुठायत?" मीच, म्हटलं. त्यावर काही न बोलता त्यांनी टेबलावरचा अर्धवट पॅक उचलला, सेल जोडणारी निकेलची पट्टी नखाने उचकटून बघितली, ती हलली नाही तेव्हा खाली ठेवला. मग म्हणाले, "ब्रेक दाबल्यावर मोटार कशी बंद व्हती?"

हा प्रश्न आधी विचारणारं गिऱ्हाईक म्हटल्यावर माझा नियम तिथेच सैल पडला. उभी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये झालेली. शेत माहुलीच्या पलीकडे. जाताना रस्ता उतरतो, येताना सगळा चढ अंगावर. गुडघे चढाला ऐकत नाहीत आणि लायसनची मुदत संपलेली. पंचावन्नच्या पुढे लायसन दर 5 वर्षांनी नवं करावं लागतं आणि त्याला डॉक्टरच्या सहीचा फॉर्म 1ए जोडावा लागतो. "त्या फॉर्मच्या नादी कोण लागतंय," म्हणाले. मला ते कंटाळ्याचं बोलणं वाटलं.

हब मोटार जमत नव्हती, म्हणून साखळीवर चालणारी घ्यायचं ठरवलं: 24 व्होल्टची, गिअरबॉक्स असलेली ब्रशची डीसी मोटार, एमवाय 1016 झेड. आवाज करते, दिसायला ओबडधोबड, तरुण पोरं तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. पण चाक बदलावं लागत नाही, रीम तीच, ब्रेक तोच. मागच्या हबवर एकाशेजारी एक अशी दोन फ्रीव्हील, म्हणजे साखळी ओढेल तेव्हाच चाक फिरवणारी आणि एरवी मोकळी राहणारी दातेरी चक्रं बसवायची. आतल्यावर पॅडलची साखळी, बाहेरच्यावर मोटारीची. मोटार चालते तेव्हा पाय स्थिर राहतात आणि पाय चालतात तेव्हा मोटार ओढत न्यावी लागत नाही. दुसऱ्या फ्रीव्हीलला जागा करायला मागची फ्रेम जवळपास चार सूत, म्हणजे अर्धा इंच, उघडावी लागते, एक्सल लांब लागतो आणि रीम पुन्हा मधोमध आणायला एका बाजूच्या सगळ्या तारा सैल, दुसऱ्या बाजूच्या घट्ट. फ्रेम मी जॅक लावून उघडणार होते. अण्णांनी जॅक बाजूला केला, लाकडाच्या दोन फळ्या आणि एक लांब बोल्ट घेतला आणि नट फिरवत फिरवत, दर पिळाला दोरी लावून दोन्ही बाजू मोजत, फ्रेम उघडली. पाव सुताचाही फरक पडला नाही. माझ्या डिप्लोम्यात हे कुणी शिकवलं नव्हतं.

ब्रशच्या मोटारीत एक धोका असतो आणि किट विकणारे तो सांगत नाहीत. ब्रशलेस मोटारीच्या कंट्रोलरमधला मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारा भाग) जळून शॉर्ट झाला तर मोटार अडखळते, थांबते. ब्रशच्या मोटारीचा शॉर्ट झाला तर बॅटरी थेट मोटारीला जोडली जाते आणि मोटार पूर्ण वेगाने चालूच राहते. थ्रॉटल सोडा, ब्रेकचा स्विच दाबा, काही उपयोग नाही. म्हणून अशा सायकलीला मी बॅटरीच्या मुख्य तारेतच, मधल्या दांडीवर, हात टाकला की सापडेल असा डीसी एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका लावते. अण्णांना डोळे मिटून तो पाडायचा सराव करायला लावला. न कुरकुरता केला.

ब्रेकचं उत्तर मात्र नव्याने शोधावं लागलं. बाजारातल्या ब्रेक लिव्हरमध्ये स्विच असतो, तो दाबला गेला की कंट्रोलर मोटारीची वीज तोडतो. रॉड ब्रेकला असली लिव्हर नाही, हँडलखाली सळई वर उचलली जाते तेवढंच. दाराच्या अलार्मला असतो तो रीड स्विच घेतला, दांडीला पक्का केला आणि ब्रेकच्या सळईवर छोटं चुंबक बसवलं. सळई दोन-तीन मिलिमीटर उचलली गेली की गुटका रिमला टेकायच्या आधीच मोटार बंद. पुढच्या आणि मागच्या दोन्ही सळयांना. या जोडणीचा मला अजून अभिमान आहे, ते लपवत नाही.

बॅटरी लिथियम फेरो फॉस्फेटची. 3.2 व्होल्टचे 8 सेल ओळीने, अशा दोन ओळी समांतर, 12 अँपिअर-अवर. वजन थोडं जास्त होतं, पण शेतातल्या पत्र्याच्या खोपीत उन्हाळ्यात सायकल उभी राहणार असेल तर लॅपटॉपच्या जुन्या सेलचा स्वस्त पॅक मी कुणालाही देत नाही. साखळीचं जुनं कव्हर आता पुरेना. अण्णांचा पायजमा दोन साखळ्यांच्या मध्ये जाणं परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांनी गोडेतेलाचा 15 किलोचा डबा कापून नवं कव्हर घडवलं, कडा दुमडून, ठोकून, वर काळा रंग. फ्रेम बघत म्हणाले, "लूनाला पॅडल दिलं व्हतं, तू सायकलीला मोटार देतीस. फरक काय पोरी?" 1972 साली लूना निघाली तेव्हा ते अठराचे असणार. फरक नंबरप्लेटचा आहे, म्हटलं. 250 वॅटपेक्षा कमी मोटार, 25 किलोमीटरपेक्षा कमी वेग, तर ना नंबर ना लायसन. ही सूटही अधिकृत तपासणी संस्थेने गाडी तपासून शिक्का दिला तर. घरी बांधलेल्या एकट्या सायकलीवर तसला शिक्का नसतो, हे मी प्रत्येकाला आगाऊ रक्कम घ्यायच्या आधी सांगते. आणि नियमात "250 पेक्षा कमी" लिहिलेलं असताना बाजारातल्या जवळपास प्रत्येक मोटारीवर 250 छापलेलं असतं, याचं काय करायचं ते नियम करणाऱ्यांनाच ठाऊक.

अण्णांच्या मुलाचा फोन आला तेव्हा फक्त वायरिंग बाकी होतं. पुण्याहून, हिंजवडीत आहे. आवाज चढवला नाही, "मॅडम" म्हणूनच बोलला. "अण्णांना काचबिंदू आहे, हे त्यांनी सांगितलं का तुम्हाला? मागच्या वर्षी स्कूटर दुभाजकावर घातली. किल्ली मी घेऊन आलोय. आणि आता तुम्ही त्यांना मोटार लावून देताय."

फॉर्म 1ए चा कंटाळा कसला ते तेव्हा कळलं.

अण्णांना बोलावलं. डोळ्यांचे कागद घेऊन या, नाहीतर सायकल आहे तशी परत न्या, म्हटलं. तोंड वाकडं केलं, पण संध्याकाळी प्लॅस्टिकच्या पिशवीतून फाइल आली. त्यात नजरेच्या कक्षेच्या तपासणीचा कागद होता, दोन डोळ्यांचे दोन नकाशे, दिसतं तिथे पांढरं, दिसत नाही तिथे करड्या-काळ्या ठिपक्यांची दाटी. उजवा डोळा बराचसा पांढरा. डाव्याची बाहेरची कड करडी, वरच्या कोपऱ्यात जवळजवळ काळी. अण्णा म्हणाले, "म्होरचं सगळं दिसतंय की." ते खरंच होतं. काचबिंदूत पुढचं बराच काळ दिसत राहतं, म्हणूनच माणसाला पटत नाही.

मी डॉक्टर नाही. पण कागद हातात आला की माझं डोकं चालायला लागतं. आपल्याकडे रस्ता डावीकडून. मागून ओलांडणारी गाडी उजवीकडून येते आणि उजवी बाजू त्यांना दिसते. डावीकडे साइडपट्टी, तिथून येणार ती शेळी, पोर नाहीतर दार उघडणारी रिक्षा. हा हिशोब मी खरोखर त्यांच्यासाठी करत होते की सायकल जवळजवळ पुरी झाली होती म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही. शिवाय मी नाही म्हटलं असतं तर ते त्याच रस्त्याने, त्याच डोळ्यांनी, बिनमोटारीच्या सायकलीवर गेलेच असते. त्यावर मुलाचीही हरकत नव्हती. त्याला भीती मोटारीची होती.

दुसऱ्या दिवशी त्याने मधला मार्ग सुचवला. "वेग कमी करून ठेवा, पण त्यांना सांगू नका." डिस्प्लेवाल्या किटमध्ये हे दोन बटणांचं काम आहे आणि मुलं वडिलांसाठी, नवरे बायकांसाठी असं करायला सर्रास सांगतात. इथे तसं लपवायला काही नव्हतंच. इथला वेग दात्यांवर ठरतो आणि ज्याने आयुष्यभर गिअरबॉक्स उघडले त्याला दाते मोजता येतात. लपवायला जागा असती तरी मी तसं केलं नसतं.

कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला अण्णांच्या समोर हिशोब मांडला. मोटारीचा बाहेरचा दांडा भाराखाली मिनिटाला साधारण 300 फेरे, त्यावर 9 दाते. चाकाचा एक फेरा म्हणजे साधारण 2.2 मीटर. किटबरोबर आलेलं फ्रीव्हील 16 दात्यांचं, त्यावर ताशी 22 किलोमीटर. 20 दात्यांचं घातलं तर अठराच्या आत, पण चढाला ओढ सव्वापट. आणि रॉड ब्रेक पावसात ओल्या क्रोमच्या रिमवर कसा घसरतो ते तुम्हाला मी सांगायला नको. त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "वीस घाल. चढाला ओढ पायजे." वेगाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. 20 दात्यांचं फ्रीव्हील त्या जोडीत बसत नव्हतं. अण्णांच्या ओळखीच्या लेथवाल्याने आतून आटे पाडलेली रिंग काढून दिली तेव्हा कुठे बसलं. उजवीकडे मोठा आरसा, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर, अंधार पडायच्या आत घरी यायचं, पावसात मोटार बंद. सगळ्याला हो म्हणाले. स्वतःहून एकच गोष्ट मागितली, तारेला चुंबक लावून चालतो तो किलोमीटर मोजणारा मीटर. "गाडी म्हणलं की किलोमीटर पायजेच."

मुलाने कुरियरने ट्रॅकर पाठवला. काडेपेटीएवढा, सीटखाली बसवा म्हणून चिठ्ठी. मी तो अण्णांच्या हातात दिला आणि काय आहे ते सांगितलं. "दे हिकडं, मी लावतो," म्हणाले आणि खिशात टाकला.

परवा सायकल सर्व्हिसला आली. नव्याने ओढलेल्या तारा थोडं चालल्यावर बसतात, मागचं चाक आऊट होतं, ते काढावंच लागतं. तारा चांगल्या होत्या, निकेलच्या पट्ट्या थंड, रीड स्विच चोख. मीटरवर 386 किलोमीटर. सोबत काकू आल्या होत्या, रिक्षाने. सहज बोलता बोलता म्हणाल्या, ते पोराने पाठवलेलं यंत्र देव्हाऱ्यापाशी असतं, तिथं चार्जिंगचं बटण आहे ना.

काल त्याचा फोन आला. "मॅडम, ट्रॅकर सारखा घरच दाखवतोय. अण्णा जातच नाहीत का शेतावर? का बिघडलाय तो?" म्हटलं, ट्रॅकर मी बसवलेला नाही, त्याचं मला विचारू नका, एकदा स्वतः येऊन बघा. थोडा वेळ काही बोलला नाही. मग शनिवारी येतो म्हणाला.

हे अण्णांना सांगायचं की नाही, ते अजून ठरत नाही. सायकल माझ्याकडेच आहे. मागच्या ब्रेकचे गुटके पुढच्यांपेक्षा जास्त झिजलेत, माहुलीच्या उताराला ते मागचाच ब्रेक धरून जातात असं दिसतं. दोन्ही ब्रेक मिळून दाबा, एवढं तर त्यांना सांगावं लागणारच आहे.