तुम्ही विचारलेत म्हणून : डर्बीचे बीड अजून कुठे उरले आहे?

जुन्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, कामाच्या शोधाचा विषय निघाला की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. इंग्लंडातल्या डर्बी शहरातल्या मराठी घरांत तो येतो आणि सुट्टीत कोल्हापूरला गेल्यावर तिथेही येतो : जो कारखाना शंभर वर्षांपूर्वीच बंद पडला, त्याचा माल आज कुठे सापडणार, आणि सापडला तरी तो त्याचाच हे तुम्ही कशावरून सांगता? प्रश्न रास्त आहे, म्हणून एकदा सविस्तर उत्तर लिहून ठेवतो. थोडक्यात सांगायचे तर, बीड टिकले ते जिथे त्याच्याकडून कोणीतरी काम करून घेत राहिले तिथे. आणि त्यावर ओतलेले नाव हा पुराव्याचा केवळ एक भाग आहे, बहुतेक वेळा तर तो भाग हाताशी नसतोच.

ज्या कारखान्याबद्दल मला विचारले जाते, तो म्हणजे डर्बीच्या ड्यूक स्ट्रीटवर, डर्वेंट नदीच्या काठी असलेली ब्रिटानिया फाउंड्री. वेदरहेड आणि ग्लोव्हर यांनी ती १८२० च्या सुमारास सुरू केली, आणि नक्षीच्या ओतकामात तिचे नाव झाले. साचे करण्याची स्थानिक वाळू उत्तम होती हे त्याचे एक कारण सांगितले जाते, पण त्याहून मोठे कारण म्हणजे तिथले पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचे लाकडी नमुने, बनवणारे कारागीर. १८४८ मध्ये एडिंबरोचे अँड्र्यू हँडिसाइड यांनी ती ताब्यात घेतली. बागेतली कुंडे, दिव्यांचे खांब, खिडक्या यांबरोबर त्यांनी रेल्वेचे काम घेतले, आणि पुढच्या चाळीस वर्षांत पूल, स्थानकांची छपरे आणि टपालपेट्या या ओतशाळेतून बाहेर पडल्या. हँडिसाइड १८८७ मध्ये वारले, त्यानंतर कंपनीला उतरती कळा लागली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती बंद झाली.

शोध सुरू करायचा असेल तर टपालपेटीपासून करावा, असे मी सांगतो, कारण तिथे नाव मिळते. १८७९ मध्ये ब्रिटिश टपाल खात्याने गोल पेटीचा नवा नमुना स्वीकारला आणि त्याचे ओतकाम हँडिसाइड कंपनीने केले. या पेट्यांवर राणीची मोहर आणि ‘पोस्ट ऑफिस’ ही अक्षरे घालायचीच राहून गेली, आणि ती चूक १८८७ पर्यंत तशीच चालू राहिली. म्हणून संग्राहक या पेट्यांना ‘अनामिक’ म्हणतात. पण गुडघे टेकून पेटीच्या काळ्या रंगवलेल्या पायथ्याकडे पाहिले, तर तिथे हँडिसाइड हे नाव आणि डर्बी व लंडन ही गावे ओतलेली दिसतात. रंगाचे थरावर थर बसल्याने अक्षरांच्या कडा बोथट झालेल्या असतात; समोरून प्रकाश टाकला तर काही दिसत नाही, पण संध्याकाळी विजेरी अगदी कडेने, पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून धरली की एकेक अक्षर सावलीसकट उठून येते. पातळ कागद त्यावर धरून मेणाचा खडू आडवा फिरवला तर जे डोळ्यांना वाचता येत नाही तेही कागदावर उतरते. पहिल्या काही वर्षांच्या पेट्यांत पत्र टाकायची फट थेट टोपीच्या काठाखाली होती; तिथे पत्रे अडकत, म्हणून पुढे ती खाली आणली. फटीची उंची पाहूनच त्यामुळे पेटी अगोदरची की नंतरची याचा अंदाज बांधता येतो. राणीचे नाव नाही आणि ओतणाऱ्याचे मात्र आहे, याचे मला मनापासून समाधान वाटते.

नाव नसेल तेव्हा काय करायचे, हा खरा प्रश्न. माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्नमेकर होते, आणि या कामातले माझे बहुतेक शहाणपण त्यांच्याकडून आलेले आहे. ओतकामाची सुरुवात लाकडी पॅटर्नपासून होते : तो पॅटर्न पेटीत ठेवून भोवती ओलसर वाळू ठासून भरायची, पेटीचे दोन भाग अलग करून पॅटर्न काढून घ्यायचा, पोकळ भाग हवा असेल तिथे वाळूचा कोअर, म्हणजे आतला गाभा, बसवायचा, आणि पुन्हा जुळवलेल्या साच्यात बीड वितळवणाऱ्या कपोला भट्टीतला रस ओतायचा. पॅटर्न शाबूत असेपर्यंत त्यातून कितीही नग निघतात, म्हणजे एका गल्लीतल्या कठड्याचे भाऊबंद दुसऱ्या गावच्या बागेत उभे असू शकतात. आणि पॅटर्न हातांनी कोरलेला असल्यामुळे त्यातली खोड प्रत्येक नगात जशीच्या तशी उतरते. पानाची एक शीर मधेच तुटलेली असेल, फुलाची एक पाकळी इतरांपेक्षा जाड असेल, तर ती खूण प्रत्येक नगावर सापडते. ज्या नगावर नाव आहे त्याची अशी खोड नोंदवून ठेवली, की नाव नसलेला नग त्याच्याशी ताडून पाहता येतो. मी सर्वांत जास्त वेळ याच कामात घालवतो, आणि मला ते नाव वाचण्यापेक्षा अधिक भरवशाचे वाटते.

मात्र इथे एक फसगत होते आणि ती टाळायला मोजपट्टी लागते. जुना कठडा तुटला की दुरुस्ती करणारे पुष्कळदा नवा पॅटर्न न करता जुन्या नगालाच पॅटर्न म्हणून वाळूत दाबतात. असा नवा नग सगळ्या खोडींसकट जुन्यासारखाच दिसतो. वडिलांच्या हत्यारपेटीत एक पट्टी होती, तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा सूतभर, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाएवढा, मोठा होता. बीड थंड होताना फुटाला साधारण एक सूत, म्हणजे शेकडा एकाच्या आसपास, आक्रसते. म्हणून पॅटर्न तेवढाच मोठा करावा लागतो आणि त्यासाठी ही वाढीव मापाची पट्टी. जुन्या नगावरून काढलेली नक्कल दुसऱ्यांदा आक्रसलेली असते. चार फूट लांबीच्या कठड्यात हा फरक अर्ध्या इंचाच्या घरात जातो, आणि तो साध्या टेपने कळतो. नक्षीच्या कडाही नकलेत मऊ होतात, पण रंगाखाली त्याचा निवाडा करणे कठीण, म्हणून मी मापावर जातो. नक्कल म्हणजे खोटा माल असे मी मानत नाही. दुरुस्ती प्रामाणिक असू शकते आणि तिच्यामुळेच उरलेला कठडा जागेवर राहतो. फक्त नोंद करताना दोन्ही वेगळे लिहिले पाहिजेत.

काही नगांवर नावाऐवजी हिऱ्याच्या आकाराची छोटी चौकट असते. १८४२ ते १८८३ या काळात ब्रिटनमध्ये नोंदवलेल्या नमुन्यांवर ही खूण घालत. वरच्या गोलात वर्ग असतो, धातूच्या वस्तूंसाठी रोमन एक, आणि चार कोपऱ्यांत दिवस, महिना, वर्ष आणि नोंदीचा गठ्ठा यांची अक्षरे व आकडे. १८६८ पासून कोपऱ्यांची वाटणी बदलली : वर्षाचे अक्षर वरून उजवीकडे गेले. १८८४ नंतर हिरा जाऊन साधा नोंदणी क्रमांक आला. ही खूण वाचता आली की नमुना कधी व कोणी नोंदवला ते दप्तरात शोधता येते. पण ती नमुन्याची तारीख असते, नगाची नव्हे. नोंदणीनंतर बरीच वर्षे तोच पॅटर्न वापरात असू शकतो.

मग हे सारे कुठे गेले? घराघरांपुढचे बरेचसे कठडे १९४१ नंतर गेले. युद्धासाठी भंगार हवे म्हणून सरकारने लोखंडी कठडे सक्तीने काढून न्यायचा हुकूम काढला, आणि सुरक्षिततेसाठी आवश्यक असलेले किंवा कलेच्या दृष्टीने मोलाचे ठरलेले तेवढे वगळले. इंग्लंडातल्या कुठल्याही जुन्या गल्लीत बुटक्या भिंतीच्या माथ्यावरचे दगड पाहा : ठरावीक अंतराने शिसे ओतून बसवलेले लोखंडाचे खुंट कापलेल्या अवस्थेत दिसतात. मी त्या खुंटांचीही नोंद ठेवतो, कारण खुंटांमधले अंतर आणि त्यांचा छेद यावरून गेलेला कठडा कोणत्या नमुन्याचा असावा याचा शोध घेता येतो. वगळलेल्यांत तळघराच्या खड्ड्याभोवतीचे कठडे पुष्कळ होते. ते काढले असते तर माणसे खड्ड्यात पडली असती. जे उपयोगी होते ते बचावले, असे मी म्हणतो ते यावरून.

मोठ्या कामांचेही तसेच झाले. डर्बीच्या फ्रायर गेटवरचा १८७८ चा पूल हँडिसाइड यांनी ग्रेट नॉर्दर्न रेल्वेसाठी बांधला. शहराच्या एका देखण्या रस्त्यावरून तो जाणार होता, म्हणून त्याला ओतशाळेने आपली सारी कारागिरी दिली : कमानीच्या वरच्या त्रिकोणी जागांत पानाफुलांची नक्षी आहे आणि गोलांमध्ये डर्बीच्या मानचिन्हातले, कुंपणात बसलेले हरीण. बीड दाब उत्तम सोसते पण ताण सोसत नाही. १८४७ मध्ये चेस्टरजवळ डी नदीवरच्या रेल्वेपुलाची बिडाची तुळई मोडून पाच माणसे दगावली, आणि तेव्हापासून अशा तुळयांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. कमानीत मात्र सगळा भार दाबाच्या रूपाने उतरतो, त्यामुळे फ्रायर गेटला बीड वापरणे सयुक्तिक होते. १९६० च्या दशकात या मार्गावरची गाडी बंद झाली. १९८५ मध्ये नगर परिषदेने पूल एका पौंडाला विकत घेतला, आणि नंतर अनेक वर्षे तो गंज खात राहिला. याच मार्गावर डर्वेंट नदीवर त्याच कंपनीने बांधलेला दुसरा, फारच साधा पूल आज हँडिसाइड पूल म्हणून ओळखला जातो; त्यावरून माणसे रोज चालत आणि सायकलने जातात. जो पूल कोणाला कुठे नेत नाही, त्याच्या डागडुजीसाठी पैसा उभा करणे किती अवघड असते, हे या दोन पुलांकडे पाहिले की समजते. फ्रायर गेटचा पूल कोणत्याही किमतीत टिकला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या लोकांना नावाने ठाऊक असलेले या ओतशाळेचे काम म्हणजे नॉटिंगहॅमचा ट्रेंट ब्रिज. क्रिकेटच्या मैदानाला ज्या पुलाचे नाव आहे, त्या १८७१ मध्ये पुऱ्या झालेल्या पुलाच्या बिडाच्या कमानी हँडिसाइड यांच्या; १९२० च्या दशकात तो रुंद केला तरी जुने काम त्यात आहे. मँचेस्टर सेंट्रल स्थानकाचे १८८० चे छत, सुमारे ६४ मीटरचा गाळा एका झेपेत ओलांडणारे, तेही त्यांचेच. स्थानक १९६९ मध्ये बंद पडले, पण आत प्रदर्शने आणि परिषदा भरवायची सोय १९८६ मध्ये झाली म्हणून छत वाचले.

‘मुंबईत डर्बीचे काही आहे का?’ हा उपप्रश्न कोल्हापूरला नेहमी येतो. आहे, आणि ते लहानसहान नाही. काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुने वॉटसन हॉटेल, हिचा सांगाडा डर्बीच्याच दुसऱ्या एका ओतशाळेत, फीनिक्स फाउंड्रीत, १८६० च्या दशकाच्या अखेरीस ओतला गेला आणि सुट्या भागांत बोटीने आला. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश यांचा. ते डर्बीशायरमधल्या मेलबर्न गावचे, आणि डर्बीच्या मंडईचे १८६६ चे छतही त्यांनीच रचले. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती या हॉटेलात, एवढेच बहुतेकांना माहीत असते. डर्बीत मंडईच्या छताखाली आपण निर्धास्त भाजी घेतो, आणि त्याच माणसाने रचलेल्या मुंबईच्या इमारतीचा दर्शनी भाग २००५ मध्ये कोसळून जीव गेला, २०१९ मध्ये ती रिकामी करावी लागली. दोष बिडाचा नाही. पावसाळ्यामागून पावसाळे सांध्यांत पाणी मुरू दिले, मूळ गाळ्यांच्या भिंती हव्या तशा पाडल्या-उभारल्या, आणि भार कुठून कुठे जातो याचा कोणी विचार केला नाही, तर कोणताही सांगाडा हात टेकतो. बोल्ट सोडवून, एकेक भाग तपासून, खराब झालेला तेवढा नव्याने ओतून असा सांगाडा दुरुस्त करता येतो, कारण तो मुळात सुटा करून जोडण्यासाठीच केलेला आहे. ओतकाम जाणणारी माणसे कोल्हापुरात शिरोलीपासून उद्यमनगरापर्यंत आपल्याकडेच आहेत. ती इमारत पाडण्याची भाषा मला म्हणून सहन होत नाही.

तुम्हाला स्वतः शोध घ्यायचा असेल तर जुन्या स्थानकांचे खांब, बंगल्यांचे जिने, बाजारांची छपरे आणि पाणपोया पायथ्याकडून पाहायला लागा. नाव बहुधा तळाशी, दाराच्या आतल्या बाजूला किंवा जिन्याच्या उभ्या पट्टीवर असते. रंग खरवडू नका. जुन्या रंगात शिसे असते आणि रंगाचे थर हाही पुरावाच आहे. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवा, नक्षीचा एकच घटक जवळून आणि बरोबर समोरून टिपा, दोन सलग घटकांमधले अंतर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा, आणि नाव दिसले नाही तरी तो फोटो टाकून देऊ नका. मला पाठवलात तर नाव असलेल्या नगांशी मी तो ताडून पाहीन.