गेस बदल

आज सकाळी एक विद्यार्थिनी लॅपटॉप घेऊन आली. फॉकनर-स्कॅन, म्हणजे भिंतीलगतच्या पातळ थरातल्या प्रवाहाचं समीकरण; बीटा (बाहेरचा प्रवाह किती वेग घेतो किंवा मंदावतो ते सांगणारा आकडा, ऋण म्हणजे मंदावणारा) −०.१; साधी शूटिंग मेथड: भिंतीवरच्या उताराचा अंदाज, म्हणजे गेस, धरायचा आणि दूरवर वेग १ येईपर्यंत तो सुधारत जायचा. वेगाचा आलेख भिंतीपाशी शून्याखाली उतरला होता आणि मग वळून १ ला मिळत होता. मी धड पाहिलंही नाही. "गेस बदल," म्हणाले. तिने बदलला, आलेख सुतासारखा सरळ झाला. थँक्यू म्हणून ती गेली.

तेव्हापासून चैन नाही.

दुपारी पहिल्या वर्षाची वही काढली. पान ठाऊकच होतं. त्याच बीटासाठी वेगाच्या आलेखाच्या भिंतीवरच्या उताराच्या दोन किमती: ०.३१९ भोवती चौकट, खाली −०.१४१ वर तिरकी रेघ आणि शेजारी "चूक". अक्षर माझंच. समीकरण १९३१ चं. बीटाच्या शून्य ते −०.१९८८ या पट्ट्यात त्याला दुसरं उत्तरही असतं, हे गणितज्ञ स्ट्यूअर्टसनने १९५४ मध्येच दाखवलं. म्हणजे माझा काही शोध हुकला नव्हता. पण "चूक"? तपासलं काहीच नव्हतं, मग एवढ्या खात्रीने कसं लिहिलं?

मलाही तेव्हा मान वर न करताच कुणीतरी "गेस बदल" सांगितलं होतं. विचारायचं होतं, विचारलं नाही. इतकी वर्षं या समीकरणांपाशी बसून काय मिळवलं, तर तेच दोन शब्द, त्याच सुरात. तो परत आलेला पेपर, त्यावरचे शेरे... जाऊ दे.

संध्याकाळी जुना कोड चालवला. सुरुवातीचा अंदाज −०.२ दिला. अंदाज सुधारणारी न्यूटनची पद्धत थोडी चाचपडली आणि −०.१४१ वर थांबली. डोमेन, म्हणजे भिंतीपासून किती दूरवर सोडवायचं ते, १० चं १५ केलं, आकडा हलला नाही. भिंतीलगतचा पातळ थर उलटा वाहतोय, त्याच्यावरून बाकीचा प्रवाह पुढे सरकतोय. बीटा हळूहळू −०.१९८८ कडे नेला तशा दोन्ही उत्तरांच्या शाखा जवळ येत गेल्या आणि भिंतीवरचा उतार, म्हणजेच घर्षणताण, शून्य होतो तिथे एकमेकींना भेटल्या. त्यापलीकडे कोड काहीच देईना. किती वेळ त्या वळणाकडे बघत बसले कोण जाणे. समीकरण रेषीय असतं तर हे घडलंच नसतं. इथे f (ज्याचा पहिला डेरिव्हेटिव्ह म्हणजे वेग) स्वतःच्याच दुसऱ्या डेरिव्हेटिव्हला गुणतो, त्यामुळे कुठून निघालात यावर कुठे पोचाल ते ठरतं.

खालची, उलट्या प्रवाहाची शाखा प्रत्यक्षात टिकेल का, हा वेगळा प्रश्न. स्थिरता तपासावी लागेल. पण तो प्रश्न विचारायला आधी उत्तर हातात तर हवं! मी ते दोनदा पुसलं. एकदा माझं, एकदा तिचं.

वहीतला "चूक" खोडला नाही. असू दे. शेजारी आजची तारीख घातली आणि दोन्ही शाखांचा आलेख चिकटवला.

तिने सकाळची फाइल ठेवली असेल का? तिला आत्ताच मेसेज केलाय: डिलीट करू नकोस, उद्या दोघी बसून पाहू.