फिल्टर बदलायला गेलो, पाइपच हातात आला

पेट्रोलचा फिल्टर बदलायचं अर्ध्या तासाचं काम म्हणून १९९१ सालच्या पिकअपखाली शिरलो, त्याला आता तीन आठवडे झाले. इंजिन पुन्हा छान चालतंय. गाडी मात्र अजून स्टँडवरच आहे आणि माझ्या डोक्यात फिल्टरऐवजी पाइप चासीला धरून ठेवणाऱ्या क्लिपा घोळतायत.

तक्रार साधी होती. सपाट रस्त्यावर गाडी एकदम गुळगुळीत. चढ लागला आणि ॲक्सिलेटर अर्ध्याच्या पुढे दाबला की गचके. पाय थोडा सैल सोडला की परत सुरळीत. शिवाय सकाळी गाडीजवळ गेलं की पेट्रोलचा हलका वास. त्या वासाकडे मी महिनाभर काणाडोळा केला, हे कबूल करतो. जुन्या गाडीला थोडा वास यायचाच, अशी स्वतःची समजूत घालण्यात आपल्यापैकी कुणीच मागे नसतं.

पंपावर संशय घ्यायच्या आधी दाब मोजायचा, हा माझा हट्ट, कारण या गाडीत पंपासाठी टाकी उतरवावी लागते. इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या रेलच्या तोंडाशी दाब मोजायचा गेज लावला. आयडलला, म्हणजे ॲक्सिलेटर न दाबता इंजिन चालू असताना, २.३ बार (बार हे दाबाचं एकक). दाब ठरावीक ठेवणाऱ्या रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी (ती इंजिनाच्या ओढीनुसार दाब कमी करते) काढली की २.८. दोन्ही आकडे बरोबर. इथे गेज काढून ठेवायचा आणि प्लग-वायरींच्या मागे लागायचं, ही चूक मी पूर्वी एकदा केलेली आहे. परतीचा पाइप असलेल्या इंजेक्शनमध्ये पंप गरजेपेक्षा कितीतरी जास्त पेट्रोल पाठवत असतो आणि जादाचं रेग्युलेटरमधून टाकीत परत जातं. फिल्टर चोंदायला लागला की आधी हे परतीचं पेट्रोल कमी होतं, दाब तसाच राहतो. परतीला काही उरत नाही आणि इंजिनाची मागणी मात्र वाढते, तेव्हा कुठे सुई खाली येते. म्हणून लांब नळीचा गेज समोरच्या काचेवर बाहेरून चिकटपट्टीने बांधला आणि चढावर गेलो. पूर्ण ॲक्सिलेटरला सुई २.८ च्या आसपास हवी होती. ती १.७ वर येऊन थरथरत बसली.

थकलेला पंपही हेच दाखवतो. पण फिल्टर चासीला बाहेरून लावलेला आहे, म्हणून त्याची पाळी आधी.

पहिल्या रविवारी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, वर दोनदा सेल्फ मारला, मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढून बांधून ठेवली आणि टाकीचं झाकण सैल केलं. गाडी उघड्यावर होती. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते आणि खड्ड्यात साठते. त्यामुळे या कामाला पिट नको आणि बंद गॅरेजही नको. बल्बचा हँडलॅम्पही नको, कारण तापलेल्या काचेवर एक थेंब पडला की बल्ब फुटतो आणि आत लालभडक तार तयारच असते. एलईडी टॉर्च भाच्याच्या हातात दिली, अग्निशामक त्याच्या पायाशी ठेवला.

फिल्टरच्या येणाऱ्या बाजूला फ्लेअर नट (पाइपाचं पसरट केलेलं तोंड, म्हणजे फ्लेअर, दाबून धरणारा), जाणाऱ्या बाजूला बॅन्जो बोल्ट (आतून पेट्रोल जाणारा पोकळ बोल्ट). बॅन्जो शहाण्यासारखा सुटला. फ्लेअर नट म्हणजे गंजाचा गोळा. वायर ब्रशने घासून कडा उघड्या केल्या, आदल्या रात्रीपासून तीनदा गंज सोडवायचं तेल मारलेलं होतंच. साधा फिक्स पाना अशा नटाला फक्त दोन कडांवर धरतो आणि त्या गोल करून टाकतो, म्हणून फाट असलेला फ्लेअर नट पाना घेतला. तो पाच बाजूंनी धरतो. फिल्टरच्या षटकोनावर दुसरा पाना उलट्या दिशेने. आधी घट्ट करायच्या दिशेने जरासा झटका, मग सोडायच्या. कट्‌ असा आवाज आला आणि नट फिरला. मला आनंद झाला तो साधारण दोन सेकंद. कारण नटाबरोबर पाइपही फिरत होता. नट आतून पाइपला धरून बसला होता, आणि पाइप पिळलेल्या ओल्या फडक्यासारखा वळत नटाच्या मागे दोन बोटांवर तुटला.

खाली परात होती म्हणून निभावलं. टाकीकडून येणाऱ्या टोकाला रबरी टोपी बसवेपर्यंत कोपरापर्यंत पेट्रोल. नायट्राइलचे हातमोजे मनगटापर्यंतच असतात, हे त्या वेळी लक्षात येतं.

"मामा, इथे पण ओलं आहे," भाचा म्हणाला. तो टॉर्च फिल्टरवर धरायची सोडून पाइपावरून मागे मागे फिरवत होता. तिसऱ्या क्लिपेशी. म्हणजे फिल्टरपासून हातभर लांब.

ती क्लिप उघडली आणि खरं तर तिथेच हे काम बदललं. दोन क्लिपांच्या मधला पाइप वरून तपकिरी, पण ब्रश मारला की खाली सलग धातू. टोच्याने दाबलं तर ओरखडा पडतो, बस्स. क्लिपेच्या आत मात्र अंगठ्याच्या नखाएवढ्या भागात धातूचे पापुद्रे सुटलेले, त्यांच्यामध्ये ओली बारीक माती भरलेली. बाहेरची सगळी चासी खडखडीत कोरडी, आणि ही माती बोटाला चिकटत होती. टोच्या फार दाबावाही लागला नाही, थेट आत गेला. पाइपाची जाडी मुळात ०.७ मिमी. उरलेली मोजण्यात अर्थ नव्हता. बाकीच्या चार क्लिपा उघडल्या. कमीजास्त फरकाने सगळीकडे हेच. गंज क्लिपेच्या कडेला सुरू होऊन कडेलाच संपत होता, जणू कुणी पट्टी लावून आखलाय.

कारण डोळ्यांसमोर होतं. गाडी धावताना पाइप क्लिपेत सूक्ष्म हलतो आणि जस्ताचा थर तिथेच आधी घासला जातो. मग फटीत चिखल बसतो, तो स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो. बाहेरचा पाइप तासाभरात वाळतो, फटीतला दिवसेंदिवस ओला. त्यातून फटीच्या आत ऑक्सिजन कमी पोहोचतो, आणि कमी ऑक्सिजनची जागाच झिजायला घेते. म्हणून तिथे वरवरचा गंज चढत नाही, खड्डे पडतात. आणि तपासणी करताना आपण बघतो कुठे? क्लिपांच्या मधे. मी दर वर्षी टॉर्च मारून हा पाइप 'ठीक आहे' म्हणून सोडून दिला होता.

फिल्टरचीही हीच गत निघाली. बाहेरून त्याचा डबा बरा होता, पण पकडणाऱ्या पट्ट्याखाली गंजाचं पूर्ण कडं. येणाऱ्या बाजूने तो काचेच्या बरणीत उपडा केला तर आधी चहाच्या रंगाचं पेट्रोल, मग तळाशी बसणारी बारीक लाल-काळी भुकटी. चार दिवस उघड्यावर वाळवून मग हाताच्या करवतीने कापला (ग्राइंडर नाही, ठिणगी म्हणजे ठिणगी). कागदाच्या घड्या येणाऱ्या बाजूने काळ्याकुट्ट, एकमेकींना चिकटलेल्या. जाणाऱ्या बाजूने जवळजवळ पांढऱ्या. म्हणजे त्याने त्याचं काम मरेपर्यंत केलं. १.७ चा हिशोब लागला.

आता पाइप. सोपा मोह असतो तो म्हणजे खराब तुकडा कापायचा, मधे रबरी होज घालायचा, दोन क्लॅम्प आवळायचे. कार्बोरेटरच्या गाडीत दाब पाव-अर्धा बार असतो, तिथे हे खपून जातं. इथे तीन बारची गोष्ट आहे. गुळगुळीत कापलेल्या टोकावरून होज सरकतो, त्याला टोकाला फुगीर कडं लागतं. होजही एसएई ३०आर९ दर्जाचा हवा, ३०आर७ इंजेक्शनच्या दाबासाठी नाही. आणि खाचा पाडलेले साधे क्लॅम्प रबर कापतात, गोल कडांचे वेगळे मिळतात. एवढं सगळं करून बाकीच्या चार क्लिपांखाली चाळण तशीच. मी टाकीच्या होजपासून फिल्टरपर्यंतचा पूर्ण पाइप नवा करायचं ठरवलं.

धातूवरून माझं स्वतःशीच दोन दिवस भांडण चाललं. नुसतं तांबं बाद, कारण ते कंपनाने कडक होत जातं आणि तडकतं. स्टेनलेस टिकतं, पण त्याला घरच्या अवजाराने धड डबल फ्लेअर (कड आत दुमडलेला दुहेरी फ्लेअर) बसवणं मला जमलेलं नाही आणि वाकवताना शिव्या खातं. थर दिलेलं पोलाद चांगलं आणि मजबूत, पण क्लिपेत थर घासला की गोष्ट परत तिथेच. शेवटी ८ मिमीची तांबं-निकेलची नळी घेतली, साधारण नव्वद टक्के तांबं, दहा टक्के निकेल. हाताने वळते, फ्लेअर सुरेख घेते, गंजत नाही. एक गोम आहे. उघड्या पोलादी क्लिपेत ती बसवली आणि पाणी राहिलं, तर नळी मजेत राहते आणि क्लिप जास्त वेगाने गंजते. म्हणजे परत क्लिपाच.

जुना पाइप नमुना म्हणून ठेवायचा विचार होता, तो काढताना आणखी दोन ठिकाणी मोडला. मग चार मिमीची जाड तार चासीवर धरून वळणं घेतली. नळी आधी जमिनीवर लाटण्यासारखी फिरवून सरळ केली. वळणांना छोटा बेंडर वापरला, कारण हाताने लहान वळण घेतलं की ते चपटं होतं आणि चपट्या जागी आतला मार्ग अरुंद होतो. एक वेडेपणा केला. आतून फडकं ओढून नळी साफ करायची ती वळवायच्या आधी, हे वळवून झाल्यावर आठवलं. कॉम्प्रेसरच्या हवेने दोन्ही बाजूंनी फुंकून वेळ मारून नेली.

फ्लेअरवर मात्र घाई केली नाही. वायाच्या तुकड्यांवर पाच काढले, त्यातले पहिले दोन तिरप्या टोपीसारखे. दोष अवजाराचा नव्हता, कापणीचा होता. पाइप कटर एकदम आवळला की काप किंचित तिरका येतो, आणि तिरक्या कापाचा फ्लेअर एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ बसतो. प्रत्येक फेऱ्याला जेमतेम पाव वळसा आवळत गेलो तेव्हा काप सरळ आला. आतली धार खरवडून काढली, बाहेरून कानसीचा हलका हात, नट आधीच ओवून ठेवलेला. फ्लेअरच्या अवजारातल्या डायच्या (दाबायच्या ठशाच्या) खांद्याइतकीच नळी बाहेर ठेवून आवळली, तेलाचा एक थेंब, पहिल्या दाबाला तोंड फुगतं, दुसऱ्याला शंकू ती कड आत दुमडतो. बरोबर जमला की आतली दुमड आरशासारखी चमकते आणि सगळीकडे सारख्या रुंदीची दिसते. हा ४५ अंशांचा फ्लेअर. ३७ अंशांची जोडणी दिसायला सारखी, बसते, आवळतेही, आणि नंतर गळते. जुना नट आणि नवा फिल्टर शेजारी ठेवून आटे जुळवून घेतले, व्यास १४ मिमी, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.५.

बसवताना फिल्टरवरचा बाण इंजिनाकडे. नट बोटाने तीन-चार आटे आत जाईपर्यंत पान्याला हात लावायचा नाही, आणि फिल्टरचा पट्टा तोपर्यंत सैल. आधी फिल्टर आवळून टाकला की नट तिरका चढतो. बॅन्जोचे तांब्याचे दोन्ही वॉशर नवे.

क्लिपांसाठी रबर लावलेल्या, इंग्रजी P च्या आकाराच्या पी-क्लिपा हातात घेऊन परत ठेवल्या. रबर नळीला घासू देत नाही हे खरं, पण त्याच्या आत पाणी शिरलं की राहायलाच येतं. त्याऐवजी दोन भागांचे प्लास्टिकचे ठोकळे लावले, तोंड खाली, म्हणजे पाणी थांबत नाही. आत मेणाचा पातळ हात. साधारण ४० सेंमीवर एक, पूर्वीपेक्षा दोन जास्त. सायलेन्सरच्या पाइपाजवळचं वळण बोटभर आणखी लांब नेलं.

फ्यूज परत, बॅटरी परत. सेल्फ न मारता चावी चार-पाच वेळा ऑन-ऑफ केली. दर वेळी पंप दोन सेकंद घरघरतो आणि दाब भरतो. प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू दाबून धरला. बॅन्जोचा टिश्यू ओला झाला. अजून थोडा आवळला, परत ओला. वॉशर काढून बघितला तर त्यावर जुन्या गंजाचा एक कण बसलेला. पुसला, नवा वॉशर टाकला, कोरडा.

आयडलला २.३, नळी काढून २.८, बंद केल्यावर दहा मिनिटांनी २.५. काचेवर गेज बांधून त्याच चढावर गेलो. पूर्ण ॲक्सिलेटर, सुई २.७ वर गेली आणि वरपर्यंत तिथेच राहिली. भाच्याने काचेवर बोट ठेवून मला दाखवायची गरज नव्हती, तरी दाखवलं. पंप वाचला, टाकी वाचली.

परत आल्यावर जोड गरम असताना एकदा बघावेत म्हणून गाडी उचलली आणि सहज दुसऱ्या बाजूने आत गेलो. मागच्या ब्रेकचा पाइप त्या बाजूच्या चासीवरून जातो. वरून बघितलं तर ठणठणीत. क्लिपा त्याच घडणीच्या. पहिली उघडली, माती ओली. टोच्या आत गेला नाही, पण पापुद्रा निघाला आणि त्याखाली खड्डे होते. पाइप ४.७५ मिमीचा आहे, त्याच धातूची नळी मागवली आहे, आणि चारही चाकं खाली ठेवायची नाहीत असं भाच्याने परस्पर जाहीर केलंय.