तुम्ही विचारलंत म्हणून: सिंगापूरला मॉल सोडून आहे काय?

पुण्याला गेलं की कुणीतरी हमखास विचारतंच, "सिंगापूर स्वच्छ आहे, छान आहे, सगळं कबूल, पण सुट्टीच्या दिवशी तुम्ही करता काय गं? मॉल सोडून तिकडे आहे काय?" आता युनिव्हर्सल स्टुडिओ, मरीना बे आणि त्या पाणी ओकणाऱ्या सिंहासमोरचा फोटो एवढं उरकून विमानात बसलेल्या माणसाला असं वाटणारच. पण इथली खरी मजा सरकारी बिल्डिंगांच्या खाली असते आणि बहुतेक फुकट असते, हे एकदा नीट सांगूनच टाकते.

इथले बहुतेक लोक एचडीबीच्या, म्हणजे सरकारने बांधलेल्या फ्लॅटमध्ये राहतात. कित्येक बिल्डिंगांचा तळमजला मोकळा सोडलेला असतो, त्याला व्हॉइड डेक म्हणतात. तिथे एका शनिवारी मलय लग्न, बिर्याणीचा घमघमाट, आणि पुढच्या आठवड्यात त्याच जागी चिनी आजोबांचं शव ठेवलेलं, शेजारी टेबलावर लोक शेंगदाणे सोलत रात्रभर पत्ते खेळतायत! नवीन होते तेव्हा विचित्र वाटायचं, पण गेलेल्या माणसाला एकटं ठेवायचं नाही, म्हणून जागं राहायचं आणि जागं राहायचं म्हणून पत्ते, हे कळल्यावर मला तर आवडलंच ते.

चिनी न्यू इयर सगळ्यांना माहीत असतं, लाल पाकिटं, संत्र्यांची जोडी दोन्ही हातांनी द्यायची वगैरे. फटाके मात्र नाहीत, १९७२ पासून बंदी आहे, आणि त्याची भरपाई म्हणून १९७३ ला चिंगे नावाची मिरवणूक सुरू झाली ती अजून चालू आहे. ऑफिसात मात्र 'लो हेइ' नावाचा प्रकार असतो तो बघण्यासारखा. मोठ्या ताटात गाजर मुळ्याचा बारीक कीस, कुरकुरीत चौकोनी तुकडे, कच्चा मासा (आम्हा शाकाहाऱ्यांचं ताट वेगळं), वरून तेल आणि प्लमचा गोड सॉस, आणि मग सगळ्यांनी उभं राहून चॉपस्टिकने ते जमेल तितकं उंच उडवायचं आणि "हुआत आह" म्हणून ओरडायचं, जितकं उंच तितकी बरकत. एरवी मीटिंगमध्ये तोंड न उघडणारा आमचा अकाउंटंट त्या दिवशी सगळ्यात जास्त ओरडतो, आणि नंतर टेबलावर, कीबोर्डवर, सगळीकडे गाजर.

पण मला विचाराल तर खरा सीझन सातव्या चिनी महिन्याचा, म्हणजे साधारण ऑगस्ट-सप्टेंबर. या महिन्यात भुकेली भुतं पृथ्वीवर फिरायला सुटतात असं मानतात. आपल्या पितृपक्षाच्या आसपासच येतं, त्यामुळे सासूबाईंना एका वाक्यात समजलं. लग्नं टाळतात, कित्येक जण पोहायलासुद्धा जात नाहीत, आणि बिल्डिंगखाली ठेवलेल्या लोखंडी पिंपात कागदी नोटा जाळतात. नुसत्या नोटाच नाही, दुकानात कागदाचा मोबाईल, कागदाची गाडी, कागदाचा बूट सगळं मिळतं, कारण तिकडे गेलेल्या माणसाची हौस का मारायची. आणि गेताई! मैदानात स्टेज टाकून, डोळे दिपतील एवढे लाइट लावून, चमचमते ड्रेस घातलेले कलाकार होक्कियन या चिनी बोलीत गाणी म्हणतात, मधे मधे चावट विनोद. पहिली रांग पूर्ण रिकामी, ती भुतांसाठी राखीव, मागे आज्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पंखा हलवत बसलेल्या. तिकीट नाही. भाषा मला ओ की ठो कळत नाही तरी मी थांबते. साडेदहाला मात्र बंद म्हणजे बंद, हे सिंगापूर आहे शेवटी. याच महिन्यातल्या जेवणावळींमध्ये लिलाव होतात, लाल कागदात सजवलेला साधा कोळसा शुभ म्हणून लोक चिक्कार पैसे देऊन घेतात.

त्याच्या पुढच्या पौर्णिमेला मूनकेक आणि कंदील. चंद्राचा हिशोब त्यांचाही आणि आपलाही, त्यामुळे २०२४ ला तो सण नेमका अनंत चतुर्दशीला आला आणि २०२५ ला कोजागिरीला, ६ ऑक्टोबरला. आम्ही मसाला दूध केलं, शेजारणीने कमळबियांच्या सारणाचे मूनकेक दिले. खरं सांगू? मूनकेक फार जड असतो, पाव तुकड्याच्या वर जात नाही.

आणि ज्यांना देवळं बघायचीत त्यांनी वॉटरलू स्ट्रीटला जा. क्वान यिन देवीचं चिनी देऊळ आणि त्याच्या जवळच कृष्णाचं देऊळ, चिनी भाविक तिथलं आटपून इथेही उदबत्ती लावून जातात, कुणाला त्यात काही विशेष वाटत नाही.

तेव्हा यायचंच असेल तर चिनी न्यू इयरच्या ऐन दोन दिवसांत येऊ नका, हॉकर सेंटरमधले, म्हणजे इथल्या खाऊगल्लीतले, निम्मे स्टॉल बंद असतात आणि मग खरंच मॉलमध्ये बसावं लागेल. सातव्या चिनी महिन्यात या. तारीख दरवर्षी हलते, तेवढी बघून तिकीट काढा, आणि गेताईला गेलात तर पहिल्या रांगेत बसू नका.