एकवीस सेकंद

माझ्या संगणकात जून २०२४ मधली एक ध्वनिफीत जपून ठेवलेली आहे. तिच्यात एका वृद्ध बाईंचा अर्धा श्वास आहे, त्यानंतर एकवीस सेकंद काहीही नाही, आणि शेवटी बावीस वर्षांच्या एका मुलीने दबक्या आवाजात उच्चारलेला एक शब्द आहे. ज्या श्रुतिकेसाठी हे मुद्रण झाले ती केव्हाच प्रसिद्ध झाली, लोकांनी ऐकली आणि एव्हाना विसरलीही असेल. मला मात्र तो गुरुवार विसरता आलेला नाही. त्या दिवशी आपले नेमके काय चुकले याचा हिशेब दर वेळी निराळा लागतो, म्हणून तो एकदा लिहून काढतो आहे.

अठरा वर्षे मी हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो आणि त्यातली बरीचशी वर्षे इंटरनेटवरून होणाऱ्या फोनच्या प्रणालीवर गेली. त्या कामातली एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. दोन माणसे फोनवर बोलतात तेव्हा प्रत्येक जण निम्म्याहून अधिक वेळ गप्पच असतो. त्या वेळात त्याच्या बाजूने काही पाठवलेच नाही तर बँडविड्थ वाचते आणि मोबाइलची बॅटरीही वाचते. पण मग ऐकणाऱ्याच्या कानात इतकी निखळ शांतता येते की, फोन कट झाला असे समजून तो ‘हॅलो, हॅलो’ सुरू करतो. त्यामुळे ऐकणाऱ्याच्या यंत्राने एक मंद, खोटी खरखर आपणच तयार करून त्याला ऐकवत राहायचे असते. तिला ‘कम्फर्ट नॉइज’ म्हणतात. ही खरखर बोलणाऱ्याच्या खोलीशी जुळावी, ती सुरू होताना आणि थांबताना सांधा कळू नये, यासाठी मी तीन वर्षे खपलो आणि त्या कामाचा मला आजही अभिमान आहे. बढती मात्र मिळाली ती पुढे चार वर्षे एक्सेलचे तक्ते भरल्याबद्दल.

नोकरी मी २०२१ मध्ये सोडली. त्याआधी विज्ञानकथांवरच्या तीन श्रुतिका नोकरीत असतानाच, दुसऱ्या नावाने प्रसिद्ध केल्या होत्या, कारण बाहेरची कामे करण्याविरुद्ध करारात एक कलम होते. तेव्हा मनाची समजूत अशी घालत होतो की, जयंत नारळीकरांनीसुद्धा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत आपली कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावानेच पाठवली होती आणि बक्षीस मिळवले होते. बाकी कोणतेही साम्य मी सुचवत नाही. घरी गहजब झाला नाही; सासऱ्यांनी एवढेच विचारले की, नाटक ऐकायचे असेल तर त्यात परग्रह कशाला हवा. याचे चांगले उत्तर मला अजून सुचलेले नाही.

कामाचे स्वरूप थोडक्यात सांगतो. कर्वेनगरमध्ये भाड्याची एक खोली आहे, तिच्या खिडक्यांवर आणि भिंतींवर गोधड्या टांगलेल्या आहेत. मुद्रण सुरू असताना पंखा बंद असतो, त्यामुळे मे महिन्यात कलाकार रुमालाने मान पुसत मंगळावरच्या थंडीबद्दल बोलतात. ‘फक्त आवाज तर द्यायचा आहे’ असे म्हणत येणाऱ्या नाटकवाल्यांना पहिला दिवस त्यांचा आवाज शेवटच्या रांगेतून माघारी बोलावण्यात जातो. शिवाय आपल्या भाषेत भ, फ, ध, घ यांची रेलचेल आहे आणि मायक्रोफोन प्रत्येक महाप्राणाला फुंकर समजतो. ‘भाऊ, फार भयंकर धूळ आहे’ हे वाक्य मी लिहिले तेव्हा मला फार आवडले होते, ते मुद्रित करायला सव्वा तास लागला. तेव्हापासून संवाद लिहून झाला की तोंडासमोर तळहात धरून तो मोठ्याने वाचायचा आणि हाताला वारा लागेल ते शब्द बदलायचे, असा माझा नियम आहे.

ती श्रुतिका चंद्रावरची होती. आपले विक्रम यान ऑगस्ट २०२३ मध्ये जिथे उतरले, त्या ६९ अंश दक्षिण अक्षांशाच्या आसपास काही दशकांनंतर एक तळ आहे आणि तिथली वयस्क कॅप्टन बाहेर एकटी पडली आहे, असा प्रसंग होता. तिच्या पोशाखाची वीज जाते. रेडिओ बंद पडतो, प्राणवायू खेळवणारा पंखाही थांबतो. तिचा तरुण सहकारी तिच्यापर्यंत पोहोचतो, पण हवाच नसल्यामुळे हाक मारून उपयोग नसतो. तो आपले हेल्मेट तिच्या हेल्मेटला टेकवतो आणि बोलतो, कारण पोकळीतून ध्वनी जात नसला तरी घनपदार्थातून जातो.

हा हेल्मेटमधून येणारा आवाज मला संगणकावर बनवायचा नव्हता. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून मी पितळी चकत्या आणल्या, बझरमध्ये असतात तशा, नाण्याएवढ्या. अशी चकती एखाद्या वस्तूला चिकटवली की ती हवेतला आवाज जवळजवळ घेत नाही, त्या वस्तूच्या अंगातली थरथर तेवढी घेते. पाण्याचे वीस लिटरचे दोन रिकामे जार आणले, दोन्हींचे तळ कापून काढले आणि एकाला चकती चिकटवली. दुसऱ्या जारमध्ये डोके घालून नट बोलतो आणि आपला जार चकतीच्या जाराला टेकवतो. टेकवताना आधी ‘ठक्’ असा एक बोथट धक्का येतो आणि मागोमाग त्याचा आवाज, सगळी धार गेलेला, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. जार हटवला की आवाज तत्क्षणी नाहीसा. हे पहिल्यांदा साधले त्या रात्री मी बायकोला उठवून ते ऐकवले होते.

आता त्या ‘ठक्’च्या आधीच्या शांततेकडे येतो. रेडिओ आणि पंखा बंद पडल्यापासून हेल्मेट टेकेपर्यंत मी अकरा सेकंदांची पूर्ण शांतता लिहिली होती. पूर्ण म्हणजे फाइलमध्ये निव्वळ शून्ये. खोलीचाही आवाज नाही. अंतराळात स्फोटांचे धडाके ऐकवणाऱ्यांवर मी इतकी वर्षे तोंडसुख घेत आलो आहे की, ही अकरा सेकंदे म्हणजे माझे प्रमाणपत्रच होते.

कॅप्टनचे काम करणाऱ्या बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. ऐन उमेदीत त्यांनी आकाशवाणीवर कितीतरी श्रुतिका केल्या होत्या आणि सगळे त्यांना नुसते ‘बाई’ म्हणत. संहिता वाचून त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “ही बाई जिवंत आहे ना अजून?” मी हो म्हटले. “मग तिला निदान स्वतःचा श्वास ऐकू येत असेल. तुम्ही लिहिलंय ते चंद्रावरून दिसतं तसं आहे, हेल्मेटच्या आतून ऐकू येतं तसं नाही. आणि इतकं शांत केलंत तर ऐकणारा म्हणेल, फोन बंद पडला.”

हे वाक्य मी ऐकले आणि वाद घालत राहिलो. ज्या माणसाने तीन वर्षे याच एका गोष्टीचा पगार घेतला, त्याला ती ओळखता आली नाही. शेवटी तडजोड अशी ठरली की, कॅप्टन एक श्वास घेईल, तो मध्येच अडवेल, त्यानंतर सात सेकंद शांतता आणि मग ‘ठक्’. श्वास का अडवायचा, असे मी विचारले. “कोणी येतंय का ते ऐकायला,” त्या म्हणाल्या. मी म्हटले, ती अंतराळवीर आहे, तिथे काही ऐकू येणार नाही हे तिला पुरते ठाऊक आहे. त्यावर बाई म्हणाल्या, “ठाऊक असलं म्हणून माणूस कान देत नाही का?”

तो दिवस गुरुवारचा होता आणि दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा पुण्यातला वार गुरुवार आहे, हे मला सुचायला हवे होते. दुपारी साडेतीनच्या सुमारास वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालत होता आणि मायक्रोफोनला लागणारी वीजही त्यातूनच जात होती, त्यामुळे काम अडले नाही. गोधड्यांमुळे खोलीत तेवढा अंधार झाला. मी सवयीने पातळी दाखवणाऱ्या काट्याकडे पाहिले आणि थक्क झालो. एरवी आमच्या खोलीचा आवाज उणे चोपन्न डेसिबलच्या खाली कधी जात नसे. त्यात शेजारचा फ्रिज असतो, गच्चीवरचा पाण्याचा पंप असतो, आणि विजेच्या तारांची ती पन्नास हर्ट्झची सततची घरघर असते, जी काढायला गेलो तर पुरुषांच्या आवाजातला दमही थोडा निघून जातो. ते सगळे एका क्षणात गेले होते. काटा उणे अडुसष्टवर होता. तीन वर्षांत त्या खोलीत अशी शांतता मी ऐकली नव्हती. मी सगळ्यांना घाईने सांगितले की, वीज यायच्या आत शांततेचा प्रसंग घेऊन टाकू.

रचना अशी होती. बाई मायक्रोफोनसमोर स्टुलावर, डोळे मिटून. कोपऱ्यात तरुण नट. ध्वनिमुद्रणाचा अभ्यासक्रम करणारी माझी मदतनीस दोन्ही जार हातात घेऊन उभी. लॅपटॉपच्या उजेडात माझा हात दिसत होता. सातव्या सेकंदाला मी तो खाली आणायचा आणि तिने जारवर जार टेकवायचा.

बाईंनी श्वास घेतला आणि अर्ध्यावर अडवला. तो मी नंतर शेकडो वेळा ऐकला आहे. घशाच्या मागे एक बारीकसा सांधा लागल्यासारखा आवाज येतो आणि पुढे काही नाही. काटा खाली गेला आणि खालीच राहिला. उणे अडुसष्ट, उणे एकोणसत्तर. मी त्याच्याकडे पाहत होतो. हे आपण कधी पुन्हा मिळवू शकणार नाही, एवढेच माझ्या मनात होते. माझा हात वरच होता.

मध्ये किती वेळ गेला याचे मला भान नव्हते. मदतनीस मुलीने जार हळूच गोधडीवर ठेवले, दोन पावले टाकली आणि बाईंच्या खांद्याला हात लावून म्हणाली, “आजी?”

ती त्यांना कधीच आजी म्हणत नसे. तिलाही त्या ‘बाई’च होत्या.

बाईंनी डोळे उघडले, श्वास सोडला आणि म्हणाल्या, “टेक बिघडवलास गं.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “सातला तुमचा हात यायला हवा होता.” त्यांच्या तोंडाचा रंग कसा होता ते अंधारात दिसत नव्हते. मी त्यांना पाणी दिले की मुलीने दिले, हेही मला आठवत नाही. मला आठवते ते इतकेच की, फाइल नीट साठवली गेली की नाही ते मी आधी पाहिले.

खुणेवाचून थांबायचे नाही आणि खुणेवाचून हलायचे नाही, अशा शिस्तीत बाई वाढल्या होत्या. ही शिस्त आम्हा हौशी मंडळींत नाही आणि तिचे मोल मला एरवी फार वाटते. त्या मुलीने मात्र शिस्त मोडली, आणि त्या खोलीत ती मोडण्याइतके लक्ष एकटीचेच होते, कारण तरुण नट मला नंतर म्हणाला की, त्याला ते सगळे अभिनयच वाटले. वीज यायच्या आत आम्ही आणखी तीन टेक घेतले, तिन्हींत माझा हात वेळेवर आला, आणि तिन्ही निरुपयोगी निघाले. त्यांत सगळे जण सात मोजत होते, हे ऐकू येते.

शेवटी मी तो बिघडलेला टेकच वापरला. एकवीस सेकंदांची नऊ केली आणि संहिता मागे जाऊन बदलली. तळावरचे सगळे कॅप्टनला पाठीमागे ‘आजी’ म्हणतात, असे एक वाक्य आधीच्या प्रसंगात घातले आणि तरुण सहकाऱ्याची सहकारी झाली. मुलीला विचारले तेव्हा ती म्हणाली, “वापरा, पण नाव कलाकारांत घाला, नुसतं साहाय्यकात नको.” ते मी घातले. तिने ती श्रुतिका अजून ऐकलेली नाही. विचारले की वेळ मिळाला नाही म्हणते.

प्रसिद्ध झाल्यावर काही श्रोत्यांनी त्या प्रसंगाचे कौतुक केले, पण त्या नऊ सेकंदांचा उल्लेख कोणीच करेना. कारण मेव्हण्याच्या फोनवर कळले. ऐकण्याच्या काही ॲपमध्ये शांतता आपोआप गाळण्याची सोय असते, आणि त्याच्या फोनवर अडवलेला श्वास आणि ‘आजी’ हा शब्द एकमेकांना चिकटून येत होते, तेही दीडपट वेगाने. गाडी चालवताना वेळ वाचतो, असे त्याचे म्हणणे पडले. मग मी त्या नऊ सेकंदांखाली खोलीचा मंद आवाज घातला, ॲपला ती शांतता वाटू नये एवढा वर उचलून, दोन्ही टोकांचे सांधे कळू न देता. एक दुपार गेली. नोकरी सोडून तीन वर्षांनी मी पुन्हा कम्फर्ट नॉइज बनवत बसलो होतो, आणि हात अजून बसलेला होता.

ही सुधारलेली प्रत ऐकायला बाई मानधन घ्यायच्या दिवशी आल्या. हेडफोन लावून त्यांनी प्रसंग ऐकला, बोटे गुडघ्यावर हलत होती.

“नऊ केलीत,” त्या म्हणाल्या. “एकवीस होते. मी मोजत होते.”

बाकीचे बारा माझ्याकडे आहेत, असे मी सांगितले. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. पावतीवर सही केली, दाराशी निथळत ठेवलेली छत्री उचलली आणि जिना उतरून गेल्या.