लिहून द्या

आज पुन्हा उपजिल्हा रुग्णालय. सव्वासातच्या एसटीने गेले. डॉक्टरांनी दोन मिनिटांत पाहिलं, पण औषधाच्या खिडकीशी पोचायला अकरा वाजले. उत्तर ठरलेलं. "इन्सुलिन नाही, बाहेरून घ्या." सोबत कोऱ्या कागदाचा कपटा. बाहेरून आणायला सांगताना रुग्णालयाचं नाव असलेला कागद कधीच वापरत नाहीत, हे आताशा लक्षात आलंय.

मला सकाळी २४ आणि रात्री १४ युनिट लागतं. ४०० युनिटची बाटली दहा दिवसांत संपते. मागे एकदा बाहेरून घेतली तेव्हा दुकानदाराने लाल टोपणाची सिरिंज नाही म्हणून केशरी टोपणाची दिली. ती एका मिलीत १०० युनिट असलेल्या इन्सुलिनची, माझी बाटली मिलीला ४० ची. २४ च्या रेघेपर्यंत भरूनही पोटात दहा युनिटसुद्धा धड जात नव्हतं. साखर उतरेना, आणि मी आठवडाभर भाताला दोष देत बसले!

म्हणून आज ठरवूनच गेले होते. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, केस पेपरलाही पैसे नाहीत. पण भांडले नाही. भांडलं की सिस्टर, मामा, मावशी सगळे एक होतात आणि पुढच्या खेपेला आपण 'ती बाई' होतो. एवढंच म्हणाले, "साहेब, उपलब्ध नाही असं केस पेपरवर लिहून द्या. सही-शिक्क्यासकट."

त्याने पहिल्यांदाच मान वर केली. "कशाला?"

"अधीक्षकांना दाखवते. नाहीतर आरोग्य हेल्पलाइनला, १०४ ला, फोन करते."

आवाज कापत होता माझा. पिशवीचा बंद बोटाला इतका गुंडाळला की बोट पांढरं पडलं. तो आत गेला, फ्रिजचं दार वाजलं, आणि बाटली आली. गार, दव धरलेली. बिचारा एकटाच असतो खिडकीवर, साठा काही तो मागवत नाही. तरी राग आलाच. मग मघाशी 'नाही' का म्हणाला?

मागच्या बाईच्या हातातही तसाच कपटा. "ताई, काय म्हणालात तुम्ही? माझ्यासाठी पण म्हणा की."

"तुम्हीच म्हणा. लिहून द्या म्हणायचं."

ती म्हणाली, अगदी बारीक आवाजात. या वेळी त्याने फ्रिजचं दार सताड उघडून दाखवलं. आत लसीचा एक रिकामा खोका आणि त्याचा जेवणाचा डबा. मग न बोलता त्याने तिच्या केस पेपरवर लिहिलं, शिक्का मारला. तिला वाचता येत नव्हतं, ती शिक्क्याकडेच बघत राहिली.

दोघी अधीक्षकांच्या खोलीशी गेलो. कुलूप. जिल्ह्याला मीटिंग, कधी येतील माहीत नाही. माझी एसटी एक वीसची, पुढची थेट साडेचारला. ती म्हणाली, "तुम्ही जा, मी बसते." कागद पदरात धरून बाकावर टेकली.

मी एक वीसची पकडली. बाटली थर्मासमध्ये होती.