मोजणी माहीत होती, तरीही

बिलिंगच्या नियमांसाठी आमच्या टीमने एक छोटी भाषा बनवली आहे. सवलत, कर, हप्ते असे नियम ग्राहक तिच्यात लिहितात आणि आमचा इंटरप्रिटर दर बिलाला तो नियम पहिल्यापासून वाचतो: इथे बेरीज आहे का, तुलना आहे का, पुढे कुठे जायचं? नियम महिनोन्‌महिने तोच असतो, बदलतं फक्त बिल. मग हे प्रश्न पुन्हा पुन्हा कशाला?

पार्शल इव्हॅल्युएशन इथेच कामाला येतं. इनपुटपैकी जे आधीच ठाऊक आहे, म्हणजे 'स्टॅटिक', त्यावरचा हिशेब आधीच उरकायचा. नंतर येणाऱ्या 'डायनॅमिक' भागासाठी उरलेला प्रोग्राम लिहून काढायचा. इंटरप्रिटरला नियम आधीच देऊन टाकला, की उरतं ते त्या नियमाचं कंपाइल झालेलं, म्हणजे नियम वाचत न बसता थेट चालणारं रूप! योशिहिको फुतामुरा यांनी हे १९७१ साली मांडलं. भाषांचे इंटरप्रिटर वेगवान करणाऱ्या आजच्या ग्राल-ट्रफल या साधनांच्या मुळाशी हीच कल्पना आहे. मला ती अजूनही थक्क करते.

मे महिन्यातल्या एका दुपारी, नागपुरात गायत्रीनगरच्या आयटी पार्कमधल्या ऑफिसात, आम्ही आमच्या स्पेशलायझरला, म्हणजे हे काम करणाऱ्या प्रोग्रामला, पहिला मोठा नियम दिला. साधे नियम सकाळीच पार पडले होते.

"सर, हे थांबूनच नाही राहिलं," नुकतीच रुजू झालेली सहकारी म्हणाली. मेमरी भरत चालली होती.

तयार होणारा कोड उघडला. नियमात एक लूप होता: शिल्लक संपेपर्यंत हप्ता वजा करायचा आणि हप्ते मोजायचे. शिल्लक बिलातून येणार, म्हणून डायनॅमिक. मोजणी मात्र ० पासून एकेकाने वाढणारी, म्हणजे सदैव ठाऊक. स्पेशलायझरने मोजणी ० साठी लूपची एक प्रत काढली, १ साठी दुसरी, २ साठी तिसरी... थांबायचं कधी हे शिलकीवर, आणि शिल्लक तर त्याच्या हाती नाही. प्रत्येक प्रत मात्र अगदी अचूक होती.

"मग मोजणी माहीत आहे हेच त्याला विसरायला लावलं तर?" तिने विचारलं.

तेच करायचं होतं. मोजणी डायनॅमिक धरली आणि लूपची एकच प्रत उरली. पण सगळंच डायनॅमिक धरलं तर इंटरप्रिटर जसाच्या तसा परत मिळतो. नियम वाचताना आपण त्यात कुठे आहोत, ही जागा स्टॅटिकच हवी. नियमात अशा जागा मोजक्याच असतात, त्या संपतात. मोजणी संपत नाही. हीच कसोटी आम्ही स्पेशलायझरच्या विश्लेषणात घातली. संध्याकाळी हाती आलेल्या लूपमध्ये एक तुलना, एक वजाबाकी, एक बेरीज होती. इंटरप्रिटरचं नावनिशाण नव्हतं.

निघता निघता तिने पुढचा प्रश्न काढला: नियमाच्या एखाद्या जर-तर शाखेत शून्याने भागाकार लिहिलेला असेल तर? दोन्ही संख्या ठाऊक, म्हणजे हिशेब आधीच होणार, आणि ती शाखा कुठल्याच बिलात येणार नसली तरी नियम कंपाइल होताना कोसळणार. असा भागाकार उरलेल्या प्रोग्राममध्ये तसाच ठेवायचा, असं ठरलं.